भाड्याचा सिनेमा कोणाच्या मालकीचा?

कोपऱ्यावरचे कॅसेटचे दुकान गेले आणि सिनेमा थेट घरात येऊ लागला. सोय वाढली, यात शंका नाही. पण या अदलाबदलीत एक जुना हक्क नकळत हातून निसटला आहे.

शनिवारची संध्याकाळ. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या चार-पाच घरांनी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणलेला. सोबत तीन कॅसेट. एक नवा हिंदी चित्रपट, एक अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डे यांचा धमाल मराठी आणि तिसरा मंडळींच्या आग्रहाखातर आणलेला जुना कृष्णधवल. ज्याच्या घरी रंगीत टीव्ही त्याच्या घरी सतरंज्या पसरल्या जात. मध्येच चित्र थरथरू लागले की कोणी तरी उठून 'हेड' पुसायचे. पहाटेपर्यंत तिन्ही चित्रपट संपवायचेच, कारण सकाळी दहाच्या आत सगळे सामान दुकानात परत पोहोचले नाही तर दुसऱ्या दिवसाचे भाडे पडणार!

१९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या, दूरदर्शन रंगीत झाले आणि पुढच्या काही वर्षांत असे दृश्य मुंबई-पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत ओळखीचे झाले. गल्लीगल्लीत व्हिडिओ लायब्ररी निघाल्या. डिपॉझिट भरायचे, वहीत नाव लिहायचे, कॅसेट न्यायची. आज त्या लायब्ररीच्या जागी मोबाइलचे किंवा केकचे दुकान दिसते. सिनेमा मात्र कमी झालेला नाही. उलट तो हाताच्या तळव्यावर आला आहे.

हा बदल कसा घडला याचे साधे उत्तर 'इंटरनेट आले' असे दिले जाते. ते खोटे नाही, पण पुरे नाही. दुकानाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. कॅसेट ही विकत घेता येणारी वस्तू होती. वस्तू संपली, तसे दुकानही संपले. हे नीट समजून घ्यायचे तर या धंद्याचा जन्म जिथे झाला त्या अमेरिकेत जायला हवे.

पन्नास कॅसेटचे दुकान

सोनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ साली आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली बाजारात आले. तेव्हा त्यांचा मुख्य उपयोग टीव्हीवरचे कार्यक्रम टिपून ठेवणे हाच मानला जात होता. आपले चित्रपट कॅसेटवर विकावेत असे मोठ्या निर्मिती संस्थांना वाटत नव्हते. १९७७ साली आंद्रे ब्ले या मिशिगनमधल्या व्यावसायिकाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क मिळवले आणि त्यांच्या कॅसेट विकायला काढल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज ॲटकिन्सन याने लॉस एंजेलिसच्या विल्शायर बुलेव्हार्ड रस्त्यावरच्या छोट्याशा दुकानात याच कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाचे सभासदत्व पन्नास डॉलर, कायमचे शंभर डॉलर आणि एका दिवसाचे भाडे दहा डॉलर. त्या काळाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती, तरीही ग्राहक आले.

त्याला खटल्याच्या धमक्या आल्या. चित्रपट आमचा, तो भाड्याने देऊन पैसे मिळवणारा तू कोण, असा सवाल होता. ॲटकिन्सनने कायदा तपासला तेव्हा उत्तर त्याच्या बाजूचे निघाले. अमेरिकेत 'पहिल्या विक्री'चा एक जुना सिद्धांत आहे. पुस्तकांच्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९०८ सालीच मान्य केला होता. पुस्तकाची प्रत एकदा रीतसर विकली की त्या विशिष्ट प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. विकत घेणाऱ्याने ती वाचावी, विकावी, कोणाला द्यावी, ही त्याची मर्जी. तिच्या नकला मात्र त्याने काढायच्या नाहीत. हाच नियम कॅसेटला लागू होता. ॲटकिन्सनने कॅसेट विकत घेतली होती, म्हणून ती भाड्याने देण्याचा अधिकार त्याचा होता. त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

या एका नियमावर पुढची तीस वर्षे हजारो दुकाने चालली. कॅसेट एकदा घ्यायची आणि शंभर वेळा भाड्याने द्यायची. पहिल्या काही खेपांत तिची किंमत वसूल व्हायची, पुढचे सगळे दुकानदाराच्या गल्ल्यात. निर्मात्याची इच्छा असो वा नसो, ती कॅसेट फळीवर राहायची.

निळी-पिवळी पाटी

या धंद्याला मोठ्या कंपनीचे रूप दिले ब्लॉकबस्टरने. डेव्हिड कुक याने १९८५ साली डॅलस शहरात पहिले दुकान उघडले. दोन वर्षांनी वेन हायझेंगा याने सूत्रे घेतली आणि निळी-पिवळी पाटी गावोगाव दिसू लागली. १९९४ साली व्हायकॉम या बलाढ्य कंपनीने ब्लॉकबस्टर तब्बल ८४० कोटी डॉलरना विकत घेतली. २००४ च्या सुमारास तिची जगभरात नऊ हजारांहून अधिक दुकाने होती.

या वैभवाला एक कुरूप बाजू होती. ती म्हणजे उशिराचा दंड. २००० साली कंपनीला केवळ या दंडातून सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले, म्हणजे एकूण उत्पन्नाचा जवळजवळ सहावा भाग. ज्या ग्राहकावर धंदा चालायचा त्याच्याच विसराळूपणावर कंपनी पोसली जात होती, आणि ग्राहक मनातल्या मनात चरफडत होता.

नेमकी हीच नस नेटफ्लिक्सने पकडली. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ या दोघांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. तेव्हा डीव्हीडी नुकतीच आली होती. कॅसेट जड आणि ठोकळ्यासारखी होती, डीव्हीडी मात्र साध्या पाकिटात घालून टपालाने पाठवता येत होती. १९९९ पासून महिन्याची ठरावीक वर्गणी घेऊन डिस्क घरपोच देण्याची पद्धत सुरू झाली. परत करायला मुदत नाही, दंडही नाही. आधीची डिस्क परत केली की यादीतली पुढची निघाली. २००० साली नेटफ्लिक्सने पाच कोटी डॉलरना स्वतःला ब्लॉकबस्टरला विकण्याची तयारी दाखवली होती. ब्लॉकबस्टरने ती संधी नाकारली. २००५ मध्ये तिने दंड बंद करत असल्याची घोषणा केली, पण तोपर्यंत ग्राहक दूर जाऊ लागला होता. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि कंपनीच्या मालकीची उरलेली दुकाने २०१४ च्या आरंभी बंद झाली.

इथवरची गोष्ट एका दुकानाने दुसऱ्याला मागे टाकल्याची आहे. टपालाने डिस्क पाठवणारे नेटफ्लिक्सही अखेर दुकानच होते. डिस्क विकत घेतलेली, म्हणून ती भाड्याने देण्याचा हक्क तिचा. जॉर्ज ॲटकिन्सनचाच नियम, फक्त गल्ल्याच्या जागी टपालपेटी! खरा बदल त्यानंतर आला.

डिस्क गेली, परवाना आला

जानेवारी २००७ मध्ये नेटफ्लिक्सने चित्रपट इंटरनेटवरून थेट दाखवायला सुरुवात केली. ग्राहकाला हा बदल केवळ सोयीचा वाटला. टपालाची वाट पाहायला नको, बटण दाबले की सिनेमा सुरू. पण कायद्याच्या दृष्टीने सगळे पारडे फिरले होते. आता ग्राहकाच्या हाती कोणतीही वस्तू जात नव्हती, कंपनीनेही वस्तू विकत घेतलेली नव्हती. वस्तूच नाही तर 'पहिली विक्री' कुठली? प्रत्येक चित्रपटासाठी निर्मात्याशी करार करणे भाग होते, आणि करारात मुदत होती, देश होता, रक्कम होती.

याची किंमत किती असते हे नेटफ्लिक्सला लवकरच कळले. २००८ साली स्टार्झ या वाहिनीशी झालेल्या करारामुळे डिस्ने आणि सोनीचे अनेक चित्रपट तिला बऱ्यापैकी स्वस्तात मिळाले होते. नव्या कराराची बोलणी फिसकटली आणि फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीस ते चित्रपट पडद्यावरून नाहीसे झाले. डिस्कच्या दुकानात असे कधीच घडले नसते, कारण निर्माता रागावला म्हणून फळीवरची कॅसेट उडून जात नाही. यातून धडा घेऊन नेटफ्लिक्सने स्वतःच निर्मिती सुरू केली आणि २०१३ साली 'हाउस ऑफ कार्ड्स' ही मालिका आणली. निर्मात्यांनीही उलट बाजूने तोच धडा घेतला. आपला माल दुसऱ्याच्या दुकानात कशाला ठेवायचा, असे म्हणून डिस्नेने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःची सेवा काढली.

यापेक्षाही बोलका किस्सा झेडिवा या छोट्या कंपनीचा आहे. २०११ साली तिने एक अफलातून युक्ती काढली. एका जागी शेकडो डीव्हीडी प्लेअर मांडले, बाजारातून रीतसर डिस्क आणल्या आणि ग्राहकाला इंटरनेटवरून एक प्लेअर आणि एक डिस्क 'भाड्याने' देऊ केली. एका वेळी एका डिस्कवर एकच ग्राहक. म्हणजे जुने दुकानच, फक्त प्लेअरची वायर लांबलचक! निर्मिती संस्थांनी खटला भरला आणि काही महिन्यांतच न्यायालयाने ही सेवा थांबवली. न्यायालयाच्या मते हे भाडे नव्हते, सार्वजनिक प्रदर्शन होते आणि त्याला मालकाची परवानगी लागते. तीच डिस्क पिशवीत घालून ग्राहकाच्या हाती दिली असती तर कोणी हरकत घेऊ शकले नसते. तारेवरून तिच्यातले चित्र पाठवले, तर गुन्हा ठरला. दुकानदाराची जागा कशाने गेली याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

आपल्याकडचा हिशेब

भारतातली कथा थोडी वेगळी आहे, कारण आपला कायदा दुकानदाराच्या बाजूने तितका उदार कधीच नव्हता. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क, ती आधी विकली गेली असली तरी, चित्रपटाच्या मालकाकडेच ठेवला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच आधारे निर्णय दिला. अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडीही भारतात आणून परवान्याशिवाय भाड्याने देता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

कायदा असा असला तरी व्यवहार निराळा होता. वही, डिपॉझिट आणि विश्वास यांवर लायब्ररी चालत राहिल्या. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट होता हेही खरे. नवा चित्रपट थिएटरात लागायच्या आधी 'थिएटर प्रिंट' गल्लीत फिरू लागल्याच्या तक्रारी निर्माते करत. चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट लगेच काढायचीच नाही, हा उपाय राजश्रीने १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटाच्या वेळी योजला आणि प्रेक्षक सहकुटुंब थिएटरकडे परतला.

कॅसेटला पहिला धक्का केबलवाल्याने दिला, दुसरा व्हीसीडीने. तिसरा धक्का २००७ साली आला. कोऱ्या सीडी बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. एवढ्या पैशात डिस्क कायमची मिळत असेल तर ती भाड्याने आणून परत करायला कोण जाणार? किराणा दुकानातही बिस्किटांशेजारी डिस्क टांगलेल्या दिसू लागल्या. नेटफ्लिक्सच्या धर्तीवर डिस्क घरपोच देणाऱ्या सेवंटीएमएम आणि बिगफ्लिक्स यांसारख्या सेवाही निघाल्या, पण त्यांचा जम बसण्याआधीच काळ पुढे सरकला.

२०१६ हे वर्ष निर्णायक ठरले. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरमध्ये जिओने इंटरनेट स्वस्त केले, डिसेंबरमध्ये ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ आले. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. व्हीसीआर बनवणारी जगातली ती शेवटची मोठी कंपनी होती. डिस्कच्या बाजारात खळबळ माजवणाऱ्या मोझर बेअरवर २०१८ साली अवसायनाची वेळ आली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत अमिताभ बच्चन यांचा 'गुलाबो सिताबो' थिएटरला वळसा घालून थेट घरात आला. निर्माता आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आता ना थिएटर उरले होते, ना दुकान.

मिळाले काय, गेले काय

जे मिळाले ते कमी नाही. पावसाळ्यात कॅसेटला लागणारी बुरशी गेली, तुटलेली फीत चिकटवण्याची कटकट गेली, दंड गेला. गुडघे दुखणाऱ्या आजीला जिना उतरावा लागत नाही. इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने मराठी घरांत मल्याळम चित्रपट चवीने पाहिले जातात. जिल्ह्याच्या गावीही नवा चित्रपट मुंबईबरोबरच पोहोचतो. अमेरिकेतल्या मराठी माणसाला भारतीय वाण्याच्या दुकानातून घासलेल्या कॅसेट आणाव्या लागत नाहीत.

गेले ते सहज नजरेत भरत नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाची आवड ठाऊक असे. 'वहिनी, हा नेऊ नका, मुलांबरोबर बसून बघता येणार नाही,' असे तो स्पष्ट सांगे. ही ओळख आता यंत्राच्या शिफारशीवर आली आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टिकाऊपणा. लायब्ररीतला जुना चित्रपट कोणी पाहो न पाहो, धूळ खात का होईना, फळीवर असे. पडद्यावरच्या यादीतला चित्रपट कराराच्या मुदतीपुरता असतो. मागच्या महिन्यात अर्धा पाहून ठेवलेला सिनेमा या महिन्यात सापडेनासा होतो, हा अनुभव आता घरोघरचा आहे. ज्या चित्रपटाच्या हक्कांचाच वाद आहे किंवा ज्यातून फारसे पैसे मिळायचे नाहीत, तो यादीत येतच नाही. एका कंपनीकडे नाही म्हणून दुसरीची वर्गणी भरायची, आणि दोन्हींची बेरीज केली तर जुन्या काळच्या भाड्यापेक्षा खर्च वाढलेला, अशीही गत अनेक घरांची होते.

याच जाणिवेतून काही ठिकाणी फळी वाचवण्याचे प्रयत्न झाले. सिएटल शहरातले स्केअरक्रो व्हिडिओ हे दुकान २०१४ साली नफा न घेणारी संस्था बनले. तिथे १ लाख ३० हजारांहून अधिक चित्रपट जतन केले आहेत. ब्लॉकबस्टरचेही एक दुकान तगून राहिले. मार्च २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातले दुकान बंद झाल्यावर अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या बेंड गावचे दुकान त्या नावाचे जगातले एकमेव उरले, आणि लोक ते पाहायला लांबून येऊ लागले. नेटफ्लिक्सने मात्र आपली लाल पाकिटे थांबवली. २९ सप्टेंबर २०२३ रोजी तिने शेवटची डिस्क टपालात टाकली. पंचवीस वर्षांत पाठवलेल्या डिस्कची संख्या ५२० कोटींच्या वर गेली होती.

तीन शब्द ध्यानात ठेवा

घरच्या घरी सिनेमा पाहताना आता तीन शब्द समोर येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. 'सभासदत्व' म्हणजे वर्गणी चालू असेपर्यंत आणि चित्रपट यादीत असेपर्यंत पाहण्याची मुभा. 'भाडे' म्हणजे एका चित्रपटाचे पैसे भरून तो ठरावीक मुदतीत पाहून संपवणे. इथे उशिराचा दंड नसतो, कारण मुदत संपली की चित्रपट आपोआप बंद होतो. खरा घोटाळा होतो तो 'खरेदी' या तिसऱ्या शब्दाने. डिजिटल खरेदीत बहुतेक वेळा मिळतो तो पाहण्याचा परवाना. तो विकता येत नाही, मुलांना वारसा म्हणून देता येईल याची खात्री नसते आणि सेवा बंद झाली तर त्याचे काय होणार हे कंपनीच्या अटींत लिहिलेले असते. म्हणूनच कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला. हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असे बंधन २०२५ पासून तिथे आले आहे.

तेव्हा मोठी रक्कम भरण्याआधी या अटींवर नजर टाकावी. एखादा चित्रपट घरच्यांच्या खूपच जिव्हाळ्याचा असेल आणि त्याची अस्सल डिस्क मिळत असेल, तर ती घेऊन ठेवावी. वर्षातून दोनदा पाहायच्या सिनेमासाठी बाराही महिने वर्गणी भरण्याऐवजी तेवढ्यापुरते भाडे भरणे स्वस्त पडते का, तेही पाहावे. आणि माळ्यावर लग्नाची किंवा मुंजीची कॅसेट पडली असेल, तर तिची डिजिटल प्रत वेळीच करून घ्यावी. ती चालवणारे यंत्र आता नव्याने बनत नाही. तिच्यातला चित्रपट कोणत्याच कंपनीच्या यादीत सापडणार नाही आणि त्याची मालकी मात्र निर्विवादपणे घरचीच आहे.